असा शब्द नाही

जगमामा बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघायचा नाही, तोंडात बघायचा. समोरचा नुसतं 'नमस्कार' म्हणाला तरी हा किंचित पुढे वाकून त्याची जीभ कुठल्या दाताला टेकते ते न्याहाळणार. आमच्या शेजारच्या काकू त्याच्याशी बोलताना पदर तोंडाला लावायच्या. त्या फार लाजाळू आहेत असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. मग कळलं की त्यांना समोरचे दोन दात नाहीत, आणि ती फट इतकं मन लावून दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही. हा माझ्या आईचा थोरला भाऊ. नाशिकच्या एका कॉलेजात त्याने भाषाविज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आमच्याच फ्लॅटच्या मागच्या खोलीत राहिला, आणि उरलेलं सगळं आयुष्य साऱ्या जगाला बोलता येईल अशी एक नवी भाषा घडवण्यात घातलं. म्हणून तो जगमामा. हे नाव आईने ठेवलं, आणि ते काही कौतुकाने ठेवलं नव्हतं.

भाषेचं नाव सामेल. मामाची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाने आपल्या घरी आपली भाषा बोलावी, आणि परक्या मुलखातल्या माणसाशी बोलताना दोघांनीही ही तिसरी वापरावी. ती कोणाचीच नाही, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं कारण नाही. मामाला माणसाला माणसापुढे वाटणाऱ्या कमीपणाचा विलक्षण राग होता. "शुभा," तो मला म्हणायचा, "दुसऱ्याची भाषा बोलताना माणूस शरमेने अर्धा होतो. तो उरलेला अर्धा त्याला परत मिळायला हवा. माझं काम एवढंच." हे तो भाजी निवडताना म्हणायचा, रिक्षात म्हणायचा, एकदा दाढ काढून घेताना तोंडात कापूस असतानाही म्हणाला होता. त्या दातांच्या डॉक्टरांना त्यातलं काहीएक कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

सामेलमध्ये कुठले उच्चार ठेवायचे आणि कुठले काढायचे यावरून आमच्याकडे वाद व्हायचे. पहिला बळी गेला तो ळ. "जगात फार थोड्यांना जमतो," मामा जेवता जेवता सहज बोलून गेला. आईचा वाढता हात थांबला. "दादा, पोळी, डाळ आणि केळं, तिन्ही तुला रोज लागतात. उद्यापासून त्या तुझ्या जगाकडे माग हो." मामा खूप हसला. ळ मात्र परत आला नाही. घरात फक्त मला थोडीफार सामेल यायची, कारण लहानपणी प्रत्येक नवा शब्द आधी माझ्यावर करून बघितला जायचा. मला त्याची मजा वाटायची, आणि मैत्रिणींसमोर तितकीच लाज.

शब्द पक्का करण्याची त्याची एक रीत होती. रविवारी सकाळी तो बसने, बहुतेक वेळा मला घेऊन, देवळाली कॅम्पला जायचा आणि बाजारातल्या एका चहाच्या टपरीवर ठाण मांडायचा. तोफखान्यात शिकायला आलेले देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतले जवान तिथे यायचे, त्यांच्या बायका सामान घ्यायला यायच्या, सिंधी दुकानदार चहाला यायचे. मामा घरून एकच शब्द घेऊन निघायचा. तो आधी तमिळ जवानाला म्हणायला लावायचा, मग गढवाली, मग बंगाली, मग मणिपुरी. "एक बार और," तो प्रत्येकाला म्हणायचा आणि तोंडात बघत राहायचा. सगळ्यांच्या जिभेवरून शब्द सुखरूप उतरला तर तो पक्का. एक जण जरी अडखळला तरी दोष शब्दाचा, जवानाचा नव्हे. 'पाणी'साठी योजलेला शब्द तर कित्येक रविवार नापास होत राहिला. माझा मामा परक्या बायकांना "एक बार और" म्हणत त्यांच्या तोंडात बघतोय, हे बघायला नको म्हणून मी टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभी राहायची.

एकदा कोणालातरी संशय आलाच. कॅम्पमध्ये एक पोक्त गृहस्थ दर रविवारी जवानांना काहीबाही विचारतो म्हटल्यावर येणारच. त्याला बोलावून नेलं, चौकशी झाली. "जवानांना आपण नेमकं काय विचारता?" यावर मामा प्रामाणिकपणे म्हणाला, "पाणी." पुढचा तासभर त्याने तिथल्या अधिकाऱ्याला सामेलची सगळी रचना समजावून सांगितली. तो अधिकारी आसामी निघाला, तेव्हा त्याच्याकडूनही शब्द म्हणवून घेतला, वर चहा पिऊन आनंदात घरी आला. "आसामी राहिलीच होती!" तो दारातून ओरडला. आईला तोवर फोन येऊन गेला होता. पुढचे कितीतरी दिवस ती सोसायटीच्या जिन्यातून खाली बघत चढायची.

त्याचं एक वाक्य मात्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं: बोलणारा चुकत नाही. तरुणपणी तो पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरात तिथल्या बोली टिपत हिंडला होता, तिथून ते आणलं होतं. "एखाद्या आजीने सांगितलं की ह्या वेलाला आम्ही असं म्हणतो, तर ते बरोबर. विषय संपला. आपण तिला शिकवायला गेलेलो नसतो. बोलणारा चुकत नाही, चुकतो तो ऐकणारा." कॉलेजात पहिल्या तासाला तो हेच सांगायचा, आणि कोणी खेड्यातल्या मुलाच्या 'लय'ला किंवा 'नाय'ला हसलं तर हसणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचा.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. मुलाकडची मंडळी सटाण्याची, पण नोकरीमुळे नाशिकात रुळलेली, अगदी तोलूनमापून बोलणारी. बरोबर मुलाची आजी होती. तिने मला जवळ बसवून विचारलं, "तुनं नाव काय शे, माय?" तशी मुलाची आई कानकोंडी झाली. हळूच म्हणाली, "आत्याबाई, जरा नीट बोला ना. परक्याच्या घरी आहोत." मामा कोपऱ्यात चिवडा खात होता. तो ताड्कन उठला. "त्या नीटच बोलताहेत," तो म्हणाला. "ऐकायला आपण कमी पडतोय." मग तो आजीसमोर फरशीवर मांडी घालून बसला, आणि पोहे गार होईपर्यंत तिला अहिराणीतली भांड्यांची, पाखरांची, नात्यांची नावं विचारत राहिला. माझ्याकडे कोणी बघेना. मला वाटलं, फरशी दुभंगून आत घेईल तर बरं. जाताना आजी जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोर चांगली शे. मामाबी चांगला शे." लग्न तिथेच ठरलं, आणि सासर नाशिकातच असल्याने माहेरी माझं येणंजाणं चालूच राहिलं.

सामेल शिकणारी माणसं हळूहळू जगात इकडेतिकडे निघाली. मूठभरच, पण जिद्दीची. रविवारी संध्याकाळी संगणकावर त्यांची सभा भरायची. मामा वर कोट-टाय आणि खाली पायजमा अशा वेशात बसायचा. ती माणसं त्याला सामेलमध्ये 'पहिला' म्हणायची. नवा शब्द आला, काही अडलं, की शेवटचा निर्णय पहिल्याचा. घरात ज्याचं कोणी ऐकत नव्हतं त्याला हे आवडायचं. ते दिसायचं, आणि आम्हीही त्याला ते सुख घेऊ दिलं.

या सभेतच हेली आणि पावलोची ओळख झाली. ती फिनलंडची, तो ब्राझीलचा. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. प्रेम, भांडण, लग्न, सगळं सामेलमध्ये पार पडलं. पावलो तिच्या गावी जाऊन राहिला आणि बेकरीत कामाला लागला. मग त्यांना मुलगी झाली. नीना. आईबाप घरात बोलायचे ती भाषा तिने उचलली, म्हणजे मामाने खोलीत बसून रचलेली आणि देवळालीच्या टपरीवर पारखलेली भाषा एका मुलीची मायबोली झाली. ती पहिलं वाक्य बोलली अशी बातमी आली त्या दिवशी मामा बर्फीचे डबे घेऊन आला आणि साऱ्या सोसायटीत घरोघर वाटत सुटला. मुलगी म्हणून बर्फी. "अहो सर, कोणाला झाली?" लोक विचारायचे. "आम्हाला!" हा सांगायचा. साठीला टेकलेला, बिनलग्नाचा माणूस. आई आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन पडून राहिली.

नीना सहा वर्षांची असताना ते तिघे नाशिकला आले आणि आमच्याकडेच उतरले. मामाने आपली भाषा लहान मुलाच्या तोंडून अशी सलग कधी ऐकलीच नव्हती. पहिल्या सकाळी ती पोर गॅलरीत उभी राहून खालच्या कुत्र्यावर ओरडत होती, भरभर, न अडखळता, मधेच स्वतःशी हसत. मामा मागे उभा होता. त्याच्या हातातला चहा कपात तसाच गार झाला. "शुभा," तो मला म्हणाला, "ही विचार न करता बोलतेय गं. ही भाषा मलासुद्धा विचार करूनच बोलावी लागते." आईनेही त्या दिवशी न सांगता शिरा केला. घरात एवढा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

रविवारी सभा होती. मामाला नीना सगळ्यांना दाखवायची होती. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं येऊन बसली, कोणी तर तिच्यासाठी मुद्दाम पहाटे उठून. मामा आपल्या खुर्चीत बसून तिची ओळख करून देत होता. उजेड पडद्यावर येतोय म्हणून तो खिडकीचा पडदा ओढायला उठला, आणि तेवढ्यात नीना उडी मारून त्याच्या खुर्चीत बसली. दोन्ही तळवे गादीवर आपटून हसत म्हणाली, "नूमी!"

पडद्यावरच्या कोणीतरी विचारलं, "पहिला, याचा अर्थ काय?" मामाला माहीत नव्हता. मी त्याचा चेहरा बघत होते. डोंगरातल्या आजीसमोर तो जे करायचा तेच करायला हवं होतं, म्हणजे वाकून विचारायचं. पण इतकी माणसं बघत होती, आणि त्यांनी प्रश्न त्याला विचारला होता. "असा शब्द नाही," मामा म्हणाला. हेलीने हळूच समजावलं की तो नीनाने लहानपणी बनवलाय. पावलो बेकरीत जायला पहाटे उठतो, मग ही त्याच्या जागी जाऊन झोपते. माणूस उठून गेल्यावर त्याच्या जागेवर जी ऊब राहते ती नूमी. मामाने मान हलवली. "छान आहे. पण आपल्याकडे त्याला 'उबदार जागा' म्हणतात. नीना, तसं म्हण बरं."

"नाही. नूमी," नीना म्हणाली.

"बाळा, ही भाषा मी केली आहे. मला माहीत आहे. असा शब्द नाही."

तिने आईकडे बघितलं, मग बापाकडे. मग मामाला विचारलं, "मग आम्ही घरी काय बोलतो?"

पडद्यावरचं कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नसेल, पण हसलं. नीना खुर्चीवरून उतरली आणि पावलोच्या मागे जाऊन उभी राहिली. पावलो गोरामोरा झाला होता. आपल्या घरातली खाजगी गोष्ट चारचौघांत उघडी पडल्यासारखा. मी दारात उभी होते. मामाने मला आयुष्यभर लाज आणली होती, पण त्या सगळ्या वेळी आतून मला त्याचा अभिमान असायचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नुसतीच लाज वाटली.

सभा संपल्यावर आईने मला विचारलं, "ती पोर काय म्हणाली गं?" मी सांगितलं. आई मामाकडे वळून म्हणाली, "दादा, सटाण्याच्या आजींना नीट बोला म्हणालं कोणीतरी, तेव्हा तू जेवणाचं ताट टाकून उठल्यासारखा उठला होतास."

एवढंच. मामा खाली बसला. आपण काय केलंय हे त्याला तोवर कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नीनासमोर गुडघे टेकून बसला आणि खुर्चीवर हात ठेवून स्वतःच म्हणाला, "नूमी." तिने तोंड फिरवलं आणि हेलीला फिनिशमध्ये काहीतरी सांगितलं. जाईपर्यंत ती सामेलचा एक शब्द बोलली नाही. हेली आणि पावलो निघताना मामाचीच माफी मागत होते, मूल आहे, हट्टी आहे म्हणून. तो दारात हात जोडून उभा होता आणि त्याला वर बघता येत नव्हतं.

त्यानंतर त्याने जे केलं ते फक्त असाच माणूस करू शकतो. त्याने माफी मागितली, पण शब्दकोशात. सामेलच्या कोशात नवी नोंद आली: 'नूमी, उठून गेलेल्याच्या जागी राहिलेली ऊब. नीनाचा शब्द.' त्याच्यापाशी देण्यासारखी याहून मोठी गोष्ट नव्हती. सभेतली माणसं खूश झाली. जो तो आपल्या पत्रात नूमी लिहायला लागला. कोणाच्या घरून पाहुणे गेले, नूमी. कोणाची नोकरी सुटली, नूमी. मग हेलीचा फोन आला. मामाने तो मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. त्याला वाटलं, आभाराचा आहे. हेली म्हणाली, "नीना विचारते, आधी त्यांनी सांगितलं हा शब्द नाही. आता सांगतात हा सगळ्यांचा आहे. मग तो आमचा कधी होता?" पुढे ती म्हणाली की नीना आता घरातही फिनिशच बोलते. पावलोला ती बेताची येते. मुलगी बोलते आणि तो हसून मान हलवतो. दोघांना एकमेकांशी बोलायला तेवढी एकच भाषा होती.

मामाने नोंद काढून टाकली, पण लोकांच्या तोंडातला शब्द कसा काढणार? त्याने सगळ्यांना विनवलं, हा वापरू नका. त्यावरून सभेत भांडणं झाली, काही माणसं सोडून गेली. शेवटी त्याने कळवलं की आता पहिला कोणी नाही, भाषा बोलणाऱ्यांची आहे, मी तिच्यात एक शब्द घालणार नाही आणि एक काढणार नाही. देवळालीला जाणं बंद झालं. कोणी रस्त्यात विचारलं, "सर, भाषा काय म्हणते?" तर तो "बरी आहे" म्हणायचा, आपल्याशी बोलणं टाकलेल्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं. दुसऱ्यांच्या तोंडात बघायचंही त्याने सोडलं. शेजारच्या काकूंनी तोंडावरचा पदर काढला, हे तेवढं बरं झालं. मला मात्र तो पूर्वीचा निर्लज्ज मामा हवा होता.

वर्षं गेली. आई गेली, आणि मामा एकटा नको म्हणून मी त्या फ्लॅटवर राहायला आले. मग एक दिवस मला नीनाचा इंग्रजीत मेसेज आला. ती आता कॉलेजात होती, मैत्रिणीबरोबर भारत बघायला आली होती, आणि मुंबईहून एकटीच नाशिकला येणार होती. मामांना भेटायचंय, एवढंच लिहिलं होतं. मी मामाला सांगितलं. तो "बरं" म्हणाला, आणि सकाळी उठून बघते तर खोली रिकामी. दुपारी फोन लागला. घोटीला होता, जुन्या विद्यार्थ्याच्या भाताच्या गिरणीवर.

"तांदूळ घ्यायला आलोय," तो म्हणाला.

"मामा, तू आयुष्यात कधी तांदूळ आणलायस?"

"आता शिकतोय."

घोटी मुंबईच्या रस्त्यावरच आहे. मी नीनाला तिथेच बसमधून उतरायला सांगितलं, गाडी काढली आणि तिला घेऊन गिरणीवर गेले. विद्यार्थी दारातच भेटला. अंगावर कोंडा, चेहऱ्यावर काळजी. "बरं झालं आले, ताई. सर लय गप्प हायेत. जेवले बी नाय नीट. म्या काय बोललो का, असं वाटाया लागलं मला." मागच्या ओट्यावर मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. आम्हाला बघून तो उठला. पळायला जागा नव्हती. मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा तो भिंतीला टेकून उभा राहिला, जमिनीकडे बघत.

नीना सामेलमध्ये बोलायला लागली. इतकी भरभर, आणि मधे इतके मला न कळणारे शब्द, की मी कशीबशी मागे धावत होते. ती म्हणाली, "शाळेत मला बाबांची लाज वाटायची. ते असली भाषा बोलतात म्हणून, जी भाषाच नाही. तुम्हीच सांगितलं होतंत. त्यांना ते कळलं, मग ते माझ्यासमोर बोलेनासे झाले. कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून तुम्ही ही भाषा केली होती ना? आमच्या घरी तो तिच्यातून आला." मामा ऐकत होता. मी मधे पडणार होते, पण त्याने हाताने मला थांबवलं. "मग बाबा कामासाठी दुसऱ्या गावी राहायला गेले. एकदा पहाटे मला जाग आली आणि त्यांची जागा गार होती. मला त्यांना फोन करून ते सांगायचं होतं. त्याला दुसऱ्या कुठल्याच भाषेत शब्द नव्हता. म्हणून मी परत बोलायला लागले. तुमच्यासाठी नाही."

"नाही," मामा म्हणाला. "माझ्यासाठी नको."

नीना दमली असावी. ती मामाच्या खुर्चीत बसली. बसल्यावर क्षणभराने तिने हात खाली टेकवला, आणि तोंडातून निघून गेल्यासारखं म्हणाली, "नूमी."

मामाने मान वर केली. ज्या शब्दाचा अर्थ त्याने स्वतः कोशात लिहिला होता आणि स्वतः पुसला होता, त्याबद्दल तो चाचरत म्हणाला, "त्याचा अर्थ काय?"

पेठच्या डोंगरात तो असाच विचारत असेल. नीनाने त्याच्याकडे बघितलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं: माणूस उठून जातो, आणि त्याची थोडी ऊब मागे राहते, ती. "परत सांग," मामा म्हणाला. तिने परत सांगितलं. तो तिच्या तोंडाकडे नव्हे, डोळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुम्ही म्हणा," ती म्हणाली. त्याने नकाराची मान हलवली. "म्हणा." त्याने शब्द उच्चारला. "असं नाही," नीना म्हणाली. "परत." तो परत म्हणाला. तेही चुकलं. "परत." देवळालीच्या टपरीवर तो जवानांकडून म्हणवून घ्यायचा तसं तिने त्याच्याकडून म्हणवून घेतलं, आणि शेवटी "हां" म्हणाली. ती हसली नाही. पण संध्याकाळी आमच्याकडे जेवली, आणि निघताना मामाला एकदा खांद्याला धरून गेली.

तिला बसवर सोडून परतताना गाडीत मी त्याला म्हटलं, "झालं ना आता? तिने शिकवला तुला." मामा खिडकीतून बाहेर बघत होता. "शिकवला," तो म्हणाला. "दिला नाही. तो तिच्या बापाचा आहे." त्यानंतर तो शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. नीनाचे फोन अधूनमधून यायचे. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि काही अडलं तर अर्थ विचारायचा. लाज गेली नव्हती. पण तो तिला आता पाठ दाखवत नव्हता.

गेल्या वर्षी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच तो गेला. डॉक्टर येऊन गेले, आम्ही त्याला बाहेरच्या खोलीत पलंगावर ठेवलं, मंडळी जमायला लागली. मी नीनाला कळवलं. तिचा लगेच फोन आला. तो घेऊन मी मागच्या खोलीत त्याच्या खुर्चीपाशी गेले. तिने एकच शब्द विचारला, "नूमी?"

मी खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. ती केव्हाच गार पडली होती. मी खुर्चीत बसले, गादी उबदार होईपर्यंत तशीच बसून राहिले, आणि मग तिला "हो" म्हणाले.